मृद व जलसंधारण : यातली 'मृद' कुठाय?

एक साधा प्रश्न. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने जुन्या जलसंधारण विभागाची फेररचना केली आणि त्याचं नाव 'मृद व जलसंधारण विभाग' झालं. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाल्मीच्या आवारात वेगळं आयुक्तालय आलं. नाव नीट वाचा. मृद आधी, जल नंतर. आता मला सांगा, तेव्हापासून आजपर्यंत कुठल्या जाहिरातीत, कुठल्या मंत्र्याच्या भाषणात, कुठल्या आढावा बैठकीच्या बातमीत 'यंदा इतके टन माती वाहून जाण्यापासून वाचवली' असं वाक्य तुम्ही वाचलंय का? मी तरी नाही वाचलं. 'इतके टीसीएम पाणीसाठा निर्माण झाला' हे शंभरदा वाचलंय. (टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. आकडा मोठा वाटावा म्हणून लिटर, आणि शास्त्रीय वाटावा म्हणून टीसीएम.) 'इतकी कामे पूर्ण' हेही वाचलंय. माती? गायब!

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. फॉर्ममध्ये एक फील्ड असतं, पण ते भरणं सक्तीचं नसतं. मग कोणीच भरत नाही, आणि तीन वर्षांनी कोणीतरी रिपोर्ट मागतो तेव्हा तिथे सगळीकडे रिकामी जागा. मातीचं असंच झालंय. फरक इतकाच की डेटाबेसचा बॅकअप घेता येतो.

विकांताला वेळ होता म्हणून जरा आकडेमोड केली. भारतात माती किती धुपते याचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अंदाज १९८३चा आहे, ध्रुव नारायण आणि राम बाबू या दोघांचा. देशात दरवर्षी ५३३.४ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.३५ टन. त्यातली साधारण २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के इकडची तिकडे होते. आता एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावरचा एक मिलिमीटरचा थर म्हणजे १० घनमीटर, म्हणजे साधारण १३ टन माती. थोडक्यात काय, सरासरी हेक्टरावरून दरवर्षी सव्वा मिलिमीटर माती जाते. डोळ्याला दिसत नाही. चार-पाच ट्रॉल्या भरतील एवढी माती जाते आणि वावर तसंच दिसतं! चाळीस वर्षांत पाच सेंटिमीटर. आणि ही झाली देशाची सरासरी. आमच्या आर्वी तालुक्यात, सातपुड्याच्या उतारावरच्या बरड जमिनीत, जिथे मुळात वितभर माती आहे आणि खाली मुरूम, तिथे पाच सेंटिमीटर म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. माझे मोठेबाबा (वडिलांचे थोरले भाऊ, बाकीच्या महाराष्ट्रासाठी खुलासा) एकदा मला म्हणाले, "काऊन रे, तुह्या काम्पुटरात पाणी मोजता येते म्हणते, माती नाई येत का?" येते ना. कोणी विचारलंच नाही.

बरं, सरकार मातीची किंमत करतच नाही असंही नाही. करतं. पण कधी? वाहून गेल्यावर. जुलै २०२२ आठवतोय? हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी... वणा, यशोदा, वर्धा, सगळ्या नद्या एकदम वावरात. तेव्हा 'जमीन खरडून जाणे' हा सरकारी शब्द घरोघरी पोचला. आपत्ती निधीच्या २०२२पासूनच्या निकषांत खरडून, वाहून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये आहेत, तेही मर्यादित क्षेत्रापुरते. ऑक्टोबर २०२५मध्ये, मराठवाड्यातल्या त्या भयंकर पावसानंतर, राज्याने जे पॅकेज जाहीर केलं त्यात याच ४७ हजारांच्या जोडीला हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं रोजगार हमीतून करून देण्याचं आश्वासन आलं. चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण गणित करा. वरची फूटभर माती गेली असं धरलं तर एका हेक्टरातून गेली ३,००० घनमीटर, म्हणजे सुमारे चार हजार टन. ४७ हजार भागिले चार हजार. टनाला बारा रुपये! हिंजवडीत कटिंग चहा पण बारा रुपयांत येत नाही आता. आणि ही माती तयार व्हायला शतकं लागतात. कुठल्या ट्रॅक्टरवाल्याला सांगा, बारा रुपयांत एक टन सुपीक माती आणून दे. तो तुम्हाला हाकलून देईल.

पुढची गंमत तर आणखी भारी आहे. डोंगरावरून माती वाहते, नाल्यात येते, नाल्यातून तलावात, तलावातून धरणात. मग धरणाची साठवण कमी होते. मग सरकार 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना आणतं. २०१७ला आणली, २०२३ला परत नव्याने आणली. त्यात तोच गाळ पोकलेनने काढायचा, टिपरमध्ये भरायचा आणि परत वावरात नेऊन टाकायचा. नव्या योजनेत लहान शेतकऱ्याला गाळ पसरवायला एकरी १५ हजारांपर्यंत अनुदान. म्हणजे पाणी जे काम फुकटात करून गेलं ते उलटं करायला आपण डिझेल जाळतोय. मी योजनेच्या विरोधात नाही, गाळ टाकलेल्या वावरातला कापूस पाहिलाय मी. पण कोणी तरी, कुठे तरी, एका टेबलावर बसून हे विचारायला नको का, की बाबांनो, ही माती वरच का नाही थांबवली? ते किती स्वस्त पडलं असतं?

तेच टेबल नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे.

आता इथे नेहमीचे यशस्वी वाचक म्हणणार, "घ्या, आणखी एक आयोग काढा! निवृत्त सचिव अध्यक्ष, लाल दिवा नाही पण इनोव्हा, आणि तीन वर्षांनी आठशे पानी अहवाल." मान्य. महाराष्ट्राला आयोगांची कमी कधीच नव्हती. १९९५ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र जल व सिंचन आयोग नेमला गेला, १९९९ला त्याचा अहवाल आला. त्यात राज्याची २५ उपखोरी पाडून नियोजन त्याप्रमाणे करा असं सांगितलं. पाणी तालुक्याच्या हद्दी पाळत नाही, हे सांगायला आयोग लागला, पण निदान सांगितलं तरी. मग २००५ला महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्या कायद्यात मुख्य सचिवांचं राज्य जल मंडळ आणि खुद्द मुख्यमंत्र्यांची राज्य जल परिषद अशी तरतूद आहे. मंडळाने एकात्मिक राज्य जल आराखडा करायचा, परिषदेने मंजूर करायचा. मुदतही ठरलेली, महिन्यांत मोजण्याइतकी. झालं काय? मंडळाची पहिली बैठक २०१३ साली. परिषदेची पहिली बैठक जानेवारी २०१५मध्ये. कायदा २००५चा! वाल्मीतून निवृत्त झालेले प्रा. प्रदीप पुरंदरे हे वर्षानुवर्षं लिहीत राहिले, कोणी ऐकेना म्हणून शेवटी जनहित याचिका घेऊन औरंगाबाद खंडपीठात गेले, तेव्हा कुठे आराखड्याचं घोडं हललं. मधल्या काळात आराखड्याशिवाय प्रकल्प मंजूर होतच होते.

आमच्याकडे एखादं तिकीट दहा वर्षं 'ओपन' राहिलं तर क्लायंट कंपनी विकत घेऊन ती बंद करेल. इथे काय झालं? काही नाही. कारण न भेटण्याला काही किंमत नव्हती.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा घोळवतो. आयोगाबद्दल बोलताना आपण दोनच गोष्टी म्हणतो. एक तर 'सल्लागार आहे, म्हणजे दात नसलेला वाघ', नाहीतर 'त्याला अधिकार द्या, निधी द्या'. मला दोन्ही पटत नाही. मृद-जलसंधारणाच्या आयोगाला पैसे अजिबात देऊ नका! एक रुपयाचंही काम त्याने काढता कामा नये. पैसा आला की निविदा आली, निविदा आली की ठेकेदार आला, ठेकेदार आला की 'या तालुक्यात माती अडवण्यापेक्षा नाला खोल केलेला बरा' असं शास्त्र आपोआप जन्माला येतं. कारण नाला खोलीकरणात मशीनचे तास मोजता येतात, बिल काढता येतं. दोनशे वावरांच्या धुऱ्यांची डागडुजी करायची म्हटली तर दोनशे माणसांशी बोलावं लागतं. त्याचं बिल कसं काढणार?

सल्लागारच असू दे. पण सल्ल्याला उत्तर द्यायची सक्ती हवी. कायद्यात एक ओळ पुरे : आयोगाने लेखी सल्ला दिला की ९० दिवसांत खात्याने लेखी उत्तर द्यायचं. मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य. अमान्य असेल तर कारणासकट. आणि सल्ला व उत्तर दोन्ही जालावर, मराठीत, शोधता येईल अशा स्वरूपात. (स्कॅन केलेली तिरकी पीडीएफ नव्हे, हे कायद्यात लिहावं लागेल, नाहीतर तेच करतील.) सरकारला सल्ला फेटाळायचा हक्क आहे, लोकांनी निवडून दिलंय त्यांना. पण गप्प बसायचा हक्क नाही. दात नसले तरी चालेल, आवाज पाहिजे आणि त्याची नोंद पाहिजे.

याचा फरक पडला असता का? जलयुक्त शिवारचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१४ला योजना सुरू झाली, दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची. पहिल्याच काही महिन्यांत जाणकार ओरडायला लागले की नाला खोलीकरणाचा अतिरेक होतोय, पाणलोटाचं शास्त्र 'माथा ते पायथा' सांगतं आणि आपण पायथ्यापासूनच सुरुवात करतोय. कोणाकडे जायचं? प्रा. एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. मग माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती झाली. म्हणजे ज्या तांत्रिक वादाचा निकाल योजना सुरू होण्याआधी चार मृदाशास्त्रज्ञ, दोन भूजलवाले आणि पाच शेतकरी एका खोलीत बसवून लावता आला असता, तो न्यायमूर्तींपुढे गेला. न्यायमूर्तींनी काय मुरमाचा थर तपासायचा? आणि सप्टेंबर २०२०मध्ये कॅगचा अहवाल आला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम नाही, असा त्याचा सूर. लगेच राजकारण पेटलं. एक बाजू म्हणते घोटाळा, दुसरी म्हणते सहा जिल्ह्यांतली १२० गावं तपासून बावीस हजार गावांचा निकाल कसा लावता. (वर्धा त्या सहांत नव्हता, म्हणजे आमचं बरं झालं की वाईट हे सांगायला तोही आधार नाही.) चौकशी लागली. मग सरकार बदललं आणि २०२३ला जलयुक्त शिवार २.० आलं.

तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, मला फरक पडत नाही. पण बघा, या सगळ्या भांडणात माती कुठे आहे? कॅग पैशाचं बघणार, ते त्याचं काम. आणि कॅग येतो पैसा संपल्यावर. कोर्ट येतं नुकसान झाल्यावर. आधी आणि चालू असताना बोलणारा कोणी नाही. टेस्टिंग टीम नसलेला प्रॉजेक्ट, थेट प्रॉडक्शनवर. बग शोधतोय कोण तर ऑडिटर.

आता वर्धा जिल्ह्याकडे या, म्हणजे मुंबईतून एक नकाशा सगळीकडे लावला की काय होतं ते कळेल. आठ तालुक्यांचा छोटा जिल्हा, पाऊस सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास. पण उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजा इथे टेकड्या, उथळ जमीन, पाणी आलं तसं पळतं. आणि दक्षिणेला हिंगणघाट, समुद्रपूर इथे काळी कसदार खोल माती, सपाट, पाऊस लागला की चार-चार दिवस वाफसा नाही. या दोन जमिनी म्हणजे दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. उथळ जमिनीवर समतल बांध, सलग समतल चर हे चालतं. तोच बांध खोल काळ्या मातीत घातला तर उन्हाळ्यात मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बांधालाही पडतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध भेगेतूनच फुटतो. नाही फुटला तर वरच्या बाजूला पाणी साचून तूर मरते. मग शेतकरी काय करतो? बांध मोडतो. आणि साहेब अहवालात लिहितात, 'लोकसहभागाचा अभाव'. काळ्या मातीत बांधबंदिस्ती का फसते हे शास्त्रज्ञांना पन्नास-साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं हो! हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत दिली, तिचं पेरणी यंत्र आता आपल्याकडेही बीबीएफ म्हणून मिळतं. पण ती 'काम' या व्याख्येत बसत नाही. तिचं उद्घाटन करता येत नाही, कोनशिला कुठे लावणार, वरंब्यावर?

आणि ज्ञान कुठे लांब नाहीये. देशभराच्या मातीचा नकाशा करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही संस्था नागपुरात आहे. उपग्रहाची चित्रं वाचणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र नागपुरात. वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटर! भूजल सर्वेक्षण यंत्रणेने अख्ख्या राज्याची दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रं आधीच पाडून ठेवली आहेत. केंद्रीय जल आयोग मोठ्या नद्यांवर ठरावीक जागी पाण्याबरोबर वाहणारा गाळ मोजतो. म्हणजे विदा आहे. चार कपाटांत आहे आणि चार किल्ल्या चार जणांकडे आहेत. मी स्वतः एका कार्यालयात (नाव नको, सगळी सारखीच) आमच्या गावात झालेल्या बंधाऱ्यांची यादी मागितली. मिळाली. त्यात काम क्रमांक, अंदाजपत्रकी रक्कम, झालेला खर्च, सगळं होतं. बंधारा नेमका कुठे आहे हे सोडून. अक्षांश-रेखांश मागितले तर बाबू म्हणाले, "कशाला पाहिजे जी? तुमचंच गाव ना, दिसंल की फिरता फिरता." आता बोला.

वर्धा जिल्ह्यात चांगलं काही झालंच नाही असं नाही. सेलू तालुक्यात तामसवाड्याच्या नाल्याचं रुंदीकरण-खोलीकरण झालं, त्याला पुढे 'तामसवाडा पॅटर्न' म्हणून नाव मिळालं. आणि २०१७च्या वॉटर कपमध्ये पानी फाउंडेशनचा पहिला नंबर कोणाला मिळाला? आमच्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याला! अख्ख्या महाराष्ट्रात पहिला, ५० लाखांचं बक्षीस. एवढंसं आदिवासी वस्तीचं गाव, ४५ दिवस भर उन्हात टिकाव-फावडं घेऊन उतरलं आणि डोंगरावर चर खोदले. माथ्यापासून! बातमी आली तेव्हा छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

पण म्हणूनच विचारतो. काकडदऱ्याच्या डोंगरावरून त्या चरांच्या आधी किती माती येत होती आणि आता किती येते? चर दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतात, ते त्यांचं कामच आहे. मग ते उपसायचे कोणी, कुठल्या पैशातून? तामसवाड्यात पाणी वाढलं म्हणतात, वाढलं असेलच, पण नाल्याच्या वरच्या वावरांचं काय? ही दोन गावं म्हणजे अख्ख्या राज्यासाठी तयार प्रयोगशाळा आहेत. एक हाताने माथ्यावर केलेलं, एक मशीनने नाल्यात केलेलं. दोन्हीकडे दहा वर्षं सारखं मोजमाप ठेवलं असतं तर आज टीव्हीवर भांडायची गरज नसती. स्पर्धा संपते, पाहुणे जातात, संस्थाही पुढच्या तालुक्यात जाते आणि ते बरोबरच आहे. मोजत राहणं हे कंटाळवाणं काम सरकारी आयोगाचं असतं. त्याच्यासाठीच तर असतो तो.

"अमेरिकेत कसं आहे" हा आमच्या जमातीचा आवडता पाढा, त्याबद्दल आधीच शिव्या खाल्ल्या आहेत. तरी एक सांगतो, कारण ते खरंच इथे लागू आहे. १९३०च्या दशकात तिथे मधल्या राज्यांत माती उडायला लागली. एप्रिल १९३५मध्ये धुळीचं एवढं मोठं वादळ आलं की भर दिवसा अंधार झाला. ह्यू बेनेट नावाचा मातीचा माणूस तेव्हा संसदेपुढे जीव तोडून सांगत होता. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९३७ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र आणि कायद्याचा नमुना पाठवला की स्थानिक मृदसंधारण जिल्हे करा, त्यांचा कारभार तिथल्याच जमीनमालकांनी निवडून दिलेल्या लोकांकडे द्या आणि वर राज्याचा एक आयोग किंवा समिती ठेवा. पहिला असा जिल्हा त्याच वर्षी बेनेटच्याच गावाकडे, नॉर्थ कॅरोलायनात झाला. आज देशभर सुमारे तीन हजार आहेत. बऱ्याच राज्यांत राज्य आयोगावर बसणारी माणसं याच जिल्ह्यांतून आलेली, म्हणजे हाताला माती लागलेली असतात. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, मक्याच्या पट्ट्यात अजूनही माती जातेच. पण तिथे शेतकरी 'लाभार्थी' नाही, सभासद आहे.

आणि आपल्याकडे हे अगदीच परकं होतं असंही नाही. १९४२चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा काढून बघा. त्यात जमीन सुधारणेची मंडळं, योजना आधी जाहीर करून शेतकऱ्यांच्या हरकती ऐकणं, अशा तरतुदी आहेत. (तेव्हा वर्धा मध्य प्रांतात होता, त्यामुळे आमचा त्याच्याशी संबंध नव्हता. विदर्भ नेहमीप्रमाणे यादीच्या बाहेर!) पारतंत्र्यातल्या कायद्याला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये? १९९२ला सुधाकरराव नाईकांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं तेव्हा ते धाडसाचं पाऊल होतं. खातं झालं, महामंडळ झालं, आयुक्तालय झालं. करणारे सगळे झाले. विचारणारा राहिला.

एक आक्षेप खरा आहे, तो टाळून चालणार नाही. "जिल्हा परिषद आहे, ग्रामसभा आहे, त्यांना बळ द्यायचं सोडून वर आणखी एक खुर्ची कशाला?" हा आक्षेप मला स्वतःला त्रास देतो. पण ग्रामसभा आपल्या शिवारापुरतं बघते. वरच्या गावाने डोंगर नांगरला तर खालच्या गावाचा तलाव भरतो, आणि दोन ग्रामसभांमध्ये हा हिशोब कुठे मांडायचा? धाम नदी वरून निघून पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून जाते तोवर किती गावांचं पाणी आणि माती तिच्यात आलेली असते! त्या सगळ्या गावांचं मिळून एक टेबल लागतंच. म्हणून आयोगावर किमान निम्मे लोक पाणलोटांतून निवडून आलेले शेतकरी हवेत, त्यात उतारावरचे आणि सपाटीवरचे दोन्ही, बायाही हव्यात, कारण निंदायला-डवरायला वावरात असतात त्या आणि पहिली घळ कुठे पडली ते त्यांना आधी दिसतं. उरलेल्यात मृदाशास्त्रज्ञ, भूजलवाले, वनखात्याचा एक माणूस. निवृत्त सचिव एकच. बैठका जिल्ह्याच्या ठिकाणी, खुल्या. दोन बैठका सलग चुकल्या तर ती बाब आपोआप विधिमंडळाच्या पटलावर जावी, म्हणजे २००५ ते २०१५ परत होणार नाही.

आणि पहिला सल्ला काय असावा हेही मी सांगून ठेवतो, फुकट. प्रत्येक तालुक्यात निदान एका छोट्या पाणलोटाच्या तोंडाशी पाणी आणि गाळ दोन्ही मोजायची जागा बांधा. छोटा बांध, पातळी दाखवणारी पट्टी, आणि पावसात बाटलीत नमुना धरून तो वाळवून तोलायचा. कृषी पदविकेच्या पोरांना जमेल असं काम आहे. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके, म्हणजे आठ जागा. एका सिमेंट नाला बंधाऱ्याच्या खर्चात किती बसतात ते खात्यातल्या कुठल्याही अभियंत्याला विचारा. विदा साठवायचं सॉफ्टवेअर लागलं तर आम्ही दोघं-तिघं मित्र शनिवार-रविवारी बसून लिहून देऊ, त्याची निविदा काढू नका म्हणजे झालं. त्यात मातीचं फील्ड मात्र सक्तीचं ठेवणार. ते भरल्याशिवाय सेव्हचं बटणच चालणार नाही :-)